वाळला चारा घरचा की विकतचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीनंतर आणि ज्वारीच्या काढणीच्या तोंडावर आमच्याकडे चाऱ्याबद्दलचे तेच ते प्रश्न येतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. हिशेबासाठी धरलेले रुपये नमुन्याचे आहेत. त्या जागी तुमच्या गावातला या आठवड्याचा भाव घाला, रीत तीच राहील.

१. वाळला चारा म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर पट्ट्यात प्रामुख्याने ज्वारीचा कडबा, कोकणात आणि मावळात भाताचा पेंढा आणि डोंगरी गवत, विदर्भात सोयाबीन, तूर, हरभऱ्याचं कुटार म्हणजे भुसकट, आणि सगळीकडे थोडाफार गव्हाचा भुसा. हे सगळे चारे एकाच तराजूत तोलता येत नाहीत. कडबा, पेंढा आणि गव्हाचा भुसा यांत प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. हरभऱ्याचा भुसा त्याहून थोडा बरा. फुलोऱ्यात कापून वाळवलेला लसूणघास १५ टक्क्यांच्या पुढे जातो, पण तो बाजारात वाळलेला क्वचितच मिळतो. मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, हा वाळला चारा नव्हे. त्याचं प्रश्न १२ मध्ये पाहू.

२. एका गाईला वर्षाला किती लागतो?

४०० किलो वजनाच्या संकरित गाईच्या पोटात रोज साधारण १० ते १२ किलो कोरडा भाग जायला हवा. कोरडा भाग म्हणजे पाणी वजा जाता उरतं ते. त्यातला काही हिरव्या चाऱ्यातून येतो, काही पेंड-भरड्यातून आणि उरलेला वाळल्या चाऱ्यातून. हिरवा चारा बरा असेल तर रोजचा ५ ते ६ किलो वाळला चारा धरा, म्हणजे वर्षाला दोन-सव्वादोन टन. फेब्रुवारी ते जून हिरवं नसेल तर त्या महिन्यांपुरता आकडा ८ किलोवर जातो.

आता ज्याचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत तो भाग. अख्खा कडबा पुढ्यात टाकला की जनावर पानं आणि शेंडा खातं, बुडखे पायाखाली तुडवतं. या नासाडीत तिसरा हिस्सा सहज जातो, कधी त्याहून जास्त. म्हणजे खाण्यासाठी दोन टन हवा असेल तर तीन टन आणावा लागतो. कडबाकुट्टी करून इंच-दीड इंचाचे तुकडे गव्हाणीत घातले तर ती नासाडी बरीच थांबते. घरचा की विकतचा हा वाद त्यानंतर करावा, कारण कुट्टीने वाचणारा पैसा बहुतेक वेळा या दोन्हींतल्या फरकापेक्षा मोठा असतो.

३. ज्वारी घरची आहे, मग कडबा फुकटच पडतो ना?

नाही. पण तो किती रुपयांना पडतो हे तुम्ही ज्वारी कशी काढता त्यावर आहे.

ज्वारी हाताने उपटायची किंवा कापायची, कणसं खुडायची, मग मळणी, हे सगळं धान्यासाठी करावंच लागणार असेल तर कडब्याच्या खात्यावर फक्त पेंढ्या बांधणं, वाहून आणणं आणि गंज रचणं एवढंच पडतं. समजा एकराला बांधणीचे २,००० रुपये, वाहतुकीचे १,५०० आणि रचणी-ताडपत्रीचे १,००० झाले. एकरी दोन टन कडबा निघाला तर किलोला सव्वादोन रुपये. याच्याइतका स्वस्त चारा कुठे मिळणार नाही.

पण आता गावोगाव मजूर मिळत नाहीत म्हणून लोक हार्वेस्टर लावतात. त्यात धान्य पटकन घरी येतं, पण कडब्याचा चुरा होऊन रानात पसरतो. म्हणजे हाताने काढणी करण्याचा जो जादा खर्च आहे तो धान्याचा नाही, कडब्याचा आहे. तो एकरी ५,००० धरला तर वरचे ४,५०० मिळून ९,५०० होतात, किलोला पावणेपाच रुपये. हा आकडा बांधावरच्या बाजारभावाच्या खाली असेल तर हाताने काढा. वर असेल तर हार्वेस्टर लावून कडबा विकत आणणं शहाणपणाचं.

तिसरी गोष्ट. बांधावर येऊन व्यापारी ८ रुपये किलो द्यायला तयार असेल, तर तुमच्या गाईने खाल्लेला किलो तुम्हाला आठ रुपयांनाच पडला, भले खिशातून पावणेपाचच गेले असोत. दूध धंद्याचा नफातोटा काढताना कडबा बाजारभावाने धरा. नाहीतर ज्वारी कमावते आणि नाव गोठ्याचं होतं.

आणि खताचा विचार. भाताच्या एका टन पेंढ्यातून रानातून साधारण १५ ते २० किलो पालाश निघून जातं, ज्वारीतही प्रकार तोच. जनावरं घरची असतील तर त्यातलं बरंचसं शेण-मुताच्या वाटेने उकिरड्यात आणि तिथून रानात परत येतं. कडबा विकला तर ते गावाबाहेर गेलं. उलट विकत आणणाऱ्याच्या गोठ्यात दुसऱ्याच्या रानातलं पालाश येतं. माझ्या मते विकतच्या चाऱ्याची ही जमेची बाजू कुणी मोजतच नाही. मूत वाया जाऊ न देणाऱ्या गोठ्यात ती खरोखर पैशाची आहे.

४. शेकड्याने घ्यावा की वजनाने?

बाजार शेकड्याचा आहे, तुम्ही हिशेब वजनाचा करा. शंभर पेंढ्यांचा एक शेकडा खरा, पण पेंढी कुणाची दीड किलोची, कुणाची तीन किलोची. शेकडा २,००० रुपये हा भाव दीड किलोच्या पेंढीला किलोमागे तेरा रुपयांच्या वर जातो आणि अडीच किलोच्या पेंढीला आठ पडतो. एकाच गावात, एकाच दिवशी.

गंजीच्या वरच्या नव्हे, मधल्या दहा पेंढ्या काढायला लावा, तागडीवर टाका, सरासरी काढा. विकणारा वजनाला नको म्हणाला तर सौदा तिथेच थांबवला तरी हरकत नाही. ट्रकभर माल असेल तर जवळचा वजनकाटा हाच खरा. भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही गाड्यांच्या पावत्या घ्या.

५. विकत घ्यायचाच तर कोणत्या महिन्यात?

ज्या महिन्यात विकणाऱ्याला रान मोकळं करायची घाई असते त्या महिन्यात. रब्बी कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गव्हाचा भुसा मार्च-एप्रिलमध्ये, सोयाबीनचं भुसकट ऑक्टोबरमध्ये, भाताचा पेंढा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. मे-जूनमध्ये चारा शोधणारा माणूस भाव ठरवत नाही, त्याला भाव सांगितला जातो.

मार्चमध्ये ७ रुपयांनी घेतलेला कडबा धरा. साठवणीत दहावा हिस्सा खराब झाला तर उरलेला पावणेआठला पडला. चार महिन्यांचं व्याज महिना एक टक्क्याने मिळवलं तर आठच्या थोडं वर. जूनचा भाव १० असेल तर किलोमागे दोनेक रुपये हातात राहतात. मात्र हे सगळं साठवायला कोरडी जागा असेल तर. उघड्यावर टाकून वळवाने भिजवलात तर दहावा नव्हे, तिसरा हिस्सा जाईल आणि हा फायदा उलटेल.

६. कडबा बघून चांगला-वाईट कसा ओळखायचा?

पानं टिकलेली हवीत, हिरवट-पिवळसर रंग हवा, ताट मोडलं तर आतून पांढरं आणि चावलं तर किंचित गोड लागावं. मालदांडी या ज्वारीच्या वाणाच्या कडब्याला जनावरं तुटून पडतात ती याच गोडीमुळे. ताटावर काळपट, चिकट थर असेल तर उभ्या पिकावर चिकटा पडला होता आणि त्यावर बुरशी चढली आहे. ताटं बुडाशी पोकळ, हलकी आणि आत काळपट असतील तर खडखड्या रोगाचं रान असणार. असला कडबा वजनालाही कमी भरतो आणि पोटालाही लागत नाही. खरिपातल्या संकरित ज्वारीचं ताट जाड असतं आणि काढणीत अनेकदा पावसात सापडून काळं पडतं. भाव त्याप्रमाणे निम्म्यावर आणा.

नाकाला वास घ्या. कुबट आला की पुढे बोलणं नको.

७. दहा गाई आहेत. बेलर (चाऱ्याचे गठ्ठे बांधणारं यंत्र) विकत घेऊ का?

दहा गाईंसाठी नको. हा प्रश्न इतक्यांदा येतो की पूर्ण हिशेब मांडतो.

लहान गोल गठ्ठे करणारं यंत्र ट्रॅक्टरमागे चालतं, गठ्ठा साधारण १५ ते २५ किलोचा होतो. चौकोनी गठ्ठ्याचं यंत्र याहून बरंच महाग असतं आणि त्याला ट्रॅक्टरही ताकदीचा लागतो. लहान यंत्र चार लाखांना पडलं असं धरू. आठ वर्षं टिकलं तर वर्षाची घट ५०,०००, सरासरी गुंतवणुकीवर व्याज २०,०००, दुरुस्ती १५,०००. म्हणजे एकही गठ्ठा बांधला नाही तरी वर्षाला ८५,००० गेले.

भाड्याने गठ्ठ्यामागे ३५ रुपये पडतात आणि स्वतः केल्यास सुतळी, डिझेल, चालक मिळून १५, असं धरलं तर गठ्ठ्यामागे २० रुपये वाचतात. ८५,००० भरून काढायला ४,२५० गठ्ठे बांधावे लागतील. वीस किलोच्या गठ्ठ्याने ८५ टन. तुमच्या दहा गाईंना लागतो बावीस-तेवीस टन. म्हणजे चाळीसेक गाई असतील, किंवा तुम्ही लोकांची रानं भाड्याने करून देणार असाल, तरच यंत्र स्वतःचं पोट भरतं.

आणि भाड्याने देण्याचा धंदा हा वेगळा धंदा आहे. सोयाबीनचा हंगाम मोजून काही आठवड्यांचा. त्यात यंत्र बिघडलं तर वर्ष गेलं. सगळ्यांना एकाच आठवड्यात हवं असतं, आणि पैसे मात्र सगळ्यांना एकाच आठवड्यात सुचत नाहीत.

अनुदान मिळत असेल तर आकडा बदलतो. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजारांना ४० ते ५० टक्क्यांपर्यंत, ठरावीक मर्यादेत, मदत आहे आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. गटाने अवजारे बँक काढली असेल तर त्यातून यंत्र आणणं एकट्याने आणण्यापेक्षा बरं. अनुदान हाती पडेपर्यंत पूर्ण रक्कम आपणच उभी करायची असते, तेव्हा व्याज विसरू नका.

८. माझ्याकडे ज्वारीच आहे. बेलर कडब्याला चालतो का?

अख्ख्या, लांब, जाड ताटांना तो नीट मानवत नाही. कडब्याला पेंढीच बरी. बेलरचं खरं काम भाताचा पेंढा, गव्हाचं काड, सोयाबीनचं भुसकट, वाळलं गवत आणि पाचट यांत आहे. भुसकटाला मळणीयंत्रातून पडलेल्या ढिगाऐवजी ओळीत टाकलेलं रान लागतं. हार्वेस्टरवाल्याला ते आधीच सांगा.

९. भाड्याचा बेलर लावताना काय ठरवून घ्यायचं?

नगावर भाव ठरतो, त्यामुळे गठ्ठा ढिला बांधणं हे यंत्रवाल्याच्या फायद्याचं. पहिले पाच-सहा गठ्ठे वजन करून किमान किती किलोचा नग ते बोलून घ्या. सुतळी कुणाची, रानातून गोठ्यापर्यंत उचलणी कुणाची, तुटलेले गठ्ठे मोजायचे की नाही, हेही आधीच.

एक गोष्ट भाड्याशी संबंधित नाही, पण इथेच सांगतो. प्लास्टिकची सुतळी गठ्ठा सोडताना पूर्ण काढून घ्या आणि गव्हाणीच्या आसपास पडू देऊ नका. पोटात गेलेली सुतळी बाहेर पडत नाही, कोठीपोटात गुंता करून बसते.

१०. किती वाळल्यावर बांधायचं? गठ्ठे आतून काळे पडले, दोन गरम लागतात.

गरम लागणारे गठ्ठे हा प्रश्न वाचून होण्याआधी गंजीतून बाहेर काढा आणि एकमेकांपासून लांब टाका. ओल्या चाऱ्यात जिवाणू आणि बुरशी काम करतात, उष्णता तयार होते, दाबलेल्या गठ्ठ्यातून ती बाहेर पडत नाही आणि काही आठवड्यांत गंज आपोआप पेटू शकते. गंजीत लोखंडी सळई खोल खुपसून दहा-पंधरा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर गंज मोडायची वेळ झाली आहे. मोडताना पाणी आणि माणसं जवळ ठेवा. आतला निखारा हवा लागताच भडकतो, म्हणून गंजीवर चढून काम करू नका.

बांधताना ओल १५ टक्क्यांच्या आसपास हवी, फार तर १८. ओल मोजायचं यंत्र नसेल तर दोन उपाय. मूठभर चारा घेऊन पिळा. काड्या कटकट मोडल्या पाहिजेत, नुसत्या वाकल्या तर थांबा. दुसरा उपाय काचेच्या बरणीचा. पाव बरणी चाऱ्याचे तुकडे, त्यात चमचाभर कोरडं मीठ, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर बांधा, गोळे झाले तर नाही.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आणि दव दोन्ही असतात. दव उडाल्याशिवाय, म्हणजे सहसा उन्हं चढून रान तापल्याशिवाय, यंत्र रानात घालू नका. लसूणघासाचं मात्र उलट आहे. भर दुपारी त्याची पानं हात लावताच गळतात आणि प्रथिनं पानांतच असतात, म्हणून त्याची उलथापालथ सकाळच्या किंचित ओलीतच करायची.

११. माळावर गवत भरपूर आहे. ते कधी कापू? दिवाळीनंतर सवडीने चालेल?

सवडीने कापलं की गवत दिसायला भरपूर आणि खायला काड्या. बी धरायला लागलं की पानातलं सत्त्व उतरतं. मारवेल, पवना, शेडा यांसारखी गवतं फुलोऱ्यात असताना, म्हणजे बहुतेक ठिकाणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, कापावीत. कुसळी गवताला तर थांबूच नये. कुसळं पक्व झाली की ती जनावराच्या तोंडात, हिरडीत रुततात आणि मेंढ्यांच्या तर कातडीत घुसतात.

अडचण ही की नेमका तेव्हाच पाऊस पूर्ण उघडलेला नसतो आणि मजूर भात-सोयाबीनच्या कापणीत गुंतलेले असतात. माझा कल असा, की थोडं उशिरा कापलेलं कोरडं गवत वेळेवर कापून भिजलेल्या गवतापेक्षा बरं, पण कुसळीला ही सवलत नाही. गावात अजून इर्जिक घालायची, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या रानात काम करायची, पद्धत टिकून असेल तर ती या कामासाठी वापरा.

पालघर, वाडा भागात गवत आणि भाताची पावली (पेंढा) दाबून गाठी करून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचा धंदा जुना आहे. तिथले लोक गवत कापणीला उशीर करत नाहीत, कारण तबेलेवाला रंग बघून भाव देतो.

१२. मुरघास ७ रुपये, कडबा ९ रुपये. मुरघास स्वस्त पडला ना?

उलट. मुरघासात कोरडा भाग ३० टक्क्यांच्या आसपास, बाकी पाणी. कडब्यात ९० टक्के. म्हणजे मुरघासातला कोरडा भाग किलोला सव्वातेवीस रुपयांना पडला आणि कडब्यातला दहाला.

पण म्हणून मुरघास महाग असंही नाही. चांगल्या मका-मुरघासात ताकद कितीतरी जास्त असते आणि प्रथिनंही कडब्याच्या दुपटीच्या आसपास. दुभत्या गाईला तो घातला तर पेंड कमी लागते. भाकड गाय, बैल, मोठ्या कालवडी यांना त्याची गरज नसते. गोठ्यात दोन्ही प्रकारची जनावरं असतात आणि लोक सगळ्यांना एकच चारा घालतात, तिथे पैसा जातो. दुभत्या गाईलाही वाळला चारा थोडा हवाच, त्याशिवाय रवंथ नीट होत नाही आणि दुधाची फॅट उतरते.

१३. पाणी आहे. बागायती दोन एकर फक्त वाळल्या चाऱ्यासाठी घालू का?

नको. पाणी हिरव्या चाऱ्याला द्या, वाळला विकत आणा. वाळला चारा हा कुणाच्यातरी धान्यपिकाचं मागे राहिलेलं अंग असतो, म्हणून तो स्वस्त असतो. तुम्ही त्याच्यासाठी रान, पाणी, खत सगळं खर्च केलंत तर त्या भावाला टिकणार नाही. अपवाद, जमीन हलकी आणि पाणी फक्त एक-दोन पाळ्यांपुरतं असेल तर रब्बी ज्वारी, धान्य आणि कडबा दोन्हींसाठी.

१४. शेजाऱ्याच्या रानातला उभा कडबा उक्ता घ्यावा का?

अंदाज बांधता येत असेल तर हा सगळ्यांत चांगला सौदा असू शकतो, आणि येत नसेल तर सगळ्यांत वाईट. रानाच्या मधल्या भागात दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद तुकडा धरा, त्यातली ताटं मोजा आणि काही उपटून, वाळवून वजन करा. त्यावरून एकराचा आकडा काढा. बांधाकडेची ताटं नेहमी जाड असतात, त्यांवरून फसू नका. कोरडवाहू रानात एकरी दीड टनही निघतो आणि भारी काळ्या जमिनीत अडीचच्या पुढेही.

कणसं खुडून झाल्यावर कडबा किती दिवसांत उचलायचा आणि मध्ये पाऊस आला तर नुकसान कुणाचं, हे चार लोकांसमोर बोला. अर्धलीने करायचं असेल, म्हणजे बांधणी तुमची आणि कडबा निम्मा-निम्मा, तर वाटणी रानातच पेंढ्या मोजून करा, घरी आणल्यावर नाही.

१५. कोवळ्या ज्वारीची किराळ (विषबाधा) लागते म्हणतात. ती वाळवली की धोका जातो का?

कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर आलेल्या फुटव्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारा घटक जास्त असतो. फुलोऱ्यानंतर तो घटतो आणि नीट उन्हात वाळवल्यावर आम्ल बरंचसं उडून जातं. पक्व ज्वारीचा वाळलेला कडबा म्हणूनच सुरक्षित. अर्धवट सुकलेला, मलूल झालेला कोवळा पाला मात्र सुरक्षित समजू नका.

अपवाद नायट्रेटचा. दुष्काळात खुरटलेल्या आणि युरियाचा मारा झालेल्या ज्वारी-मक्यात नायट्रेट साठतं आणि ते वाळवल्याने जात नाही. असा चारा एकदम पोटभर घालू नका, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडा थोडा सुरू करा. जनावर धापा टाकू लागलं, लाळ गाळू लागलं, तोल जाऊ लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा. दोन्ही विषबाधांत मिनिटांना किंमत असते.

१६. भाताचा पेंढा स्वस्तात मिळतो. त्याला युरिया लावून कडब्याच्या जोडीला आणता येईल?

येईल, आणि बऱ्याच लोकांनी हे करायला हवं. १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया ४० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडा, दाबा आणि प्लास्टिकने हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवा. उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास येतो. लागेल तेवढा काढून तासभर मोकळ्या हवेत पसरा, मग घाला. सुरुवात एक-दीड किलोने, आठ-दहा दिवसांत वाढवत जा. सहा महिन्यांखालच्या वासरांना, शेळ्यांच्या करडांना आणि उपाशी जनावराला नाही. युरियाचं पाणी किंवा ते भांडं जनावराच्या तोंडाला लागता कामा नये.

कडब्याला हीच प्रक्रिया चालते, पण आधी कुट्टी करून.

१७. पावसात भिजलेला चारा वाळवून घालू का?

नुसता भिजला आणि लगेच वाळला तर घाला, कस उतरला असेल एवढंच. बुरशी आली असेल तर वाळवल्याने बुरशीचं विष जात नाही. गाभण आणि दुभत्या जनावरांना तर मुळीच नाही. त्यातलं अफ्लाटॉक्सिन दुधातही उतरतं. असला चारा उकिरड्यात टाका.

१८. उसाचं पाचट गठ्ठे करून घातलं तर?

पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. पाचटाची जागा रानात आच्छादन म्हणून. उसाचे हिरवे वाढे वेगळे, ते लोक दुष्काळात सर्रास घालतात, पण त्यांतलं ऑक्झालेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. वाढ्यांवर जनावरं असतील तर खनिज मिश्रण रोज द्या.

१९. गंज कुठे आणि कशी रचू?

दगड किंवा लाकडाच्या ओंडक्यांवर, जमिनीपासून वितभर उंच. माथा निमुळता, दोन्हीकडे उतार. एका मोठ्या गंजीऐवजी दोन लहान, मध्ये अंतर ठेवून. एक पेटली तर दुसरी वाचते. वीजतारांखाली कधीही नाही. चारा भरलेल्या उंच गाड्या तारेला लागून पेटल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, म्हणून गाडी भरतानाही उंचीवर लक्ष ठेवा आणि गावातल्या लोंबत्या तारांचा रस्ता टाळा. आग लागलीच तर तलाठ्याकडून पंचनामा त्याच दिवशी करून घ्या.

२०. जमीनच नाही, दोन म्हशी आहेत. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

तुमच्यासाठी घरचा की विकतचा हा प्रश्नच नाही, कधी आणि कसा घ्यायचा एवढाच आहे. प्रश्न ४ आणि ५ पुन्हा वाचा. शक्य असेल तर मजुरीच्या बदल्यात चारा घ्या. ज्वारी काढणीला जाताना रोजगाराचा काही भाग पेंढ्यांत मागितला तर फेब्रुवारीत शेतकरी सहसा नाही म्हणत नाही, जूनमध्ये म्हणतो. गावातले चार-पाच जण मिळून एक ट्रक आणला तर वाहतूक निम्म्याहून खाली येते, कारण चाऱ्यात भाड्याचाच बोजा मोठा. आणि दोन म्हशींसाठीही कुट्टी करा. हाताने फिरवायचं यंत्र पुरतं.

२१. यंदा आमच्याकडे पाऊसच नाही. साठा करू की जनावरं कमी करू?

२०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्या उघडल्या, तेव्हा ज्यांच्याकडे मार्चचा कडबा होता त्यांना छावणीत उशिरा जावं लागलं, काहींना जावंच लागलं नाही. खरीप हातचा गेला हे सप्टेंबरात कळतं. तेव्हाच प्रश्न २ च्या आकड्याने जूनअखेरपर्यंतची गरज काढा आणि घरात किती आहे ते वजा करा. उरलेली तूट त्या दिवसाच्या भावाने विकत घेणं झेपत नसेल, तर भाकड आणि कमी दुधाची जनावरं दिवाळीच्या आधी विका. एप्रिलमध्ये सगळा तालुका विकायला निघतो आणि तेव्हा चारा चढलेला, जनावर उतरलेलं असतं. गाभण कालवड आणि पहिल्या वेताची चांगली गाय मात्र शेवटपर्यंत धरून ठेवा. तशी गाय परत घ्यायला जो पैसा लागेल त्यात तिचा सहा महिन्यांचा विकतचा चारा सहज बसतो.